दोधूची मूठ

हिलाल पाटलाची लढाई हुकली ती काही त्याच्या मर्जीने नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रनाळ्यात पुढे कितीतरी महिने याच्या नेमकं उलटं बोललं गेलं, आणि जे बोलत होते त्यांतल्या बहुतेकांनी बंदूक लांबूनसुद्धा पाहिलेली नव्हती.

हिलाल नंदुरबार स्टेशनावर सांधेवाला होता. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची आणि कुठून सोडायची हे मास्तर ठरवणार, आणि केबिनमधला जाडजूड लोखंडी दांडा ओढून रुळांचा सांधा बदलणार तो हिलाल. अंगात निळा सदरा, खांद्यावर हात पुसायचं फडकं, आणि बोलणं इतकं कमी की नव्या माणसाला वाटावं, हा आपल्यावर रागावला आहे. रागीट तो मुळीच नव्हता. सात वर्षं पलटणीत काढल्यामुळे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही सवय अंगात मुरली होती, एवढंच.

पलटणीत तो एकटा गेला नव्हता. एकावन्न साली धुळ्याला भरती निघाली तेव्हा तो आणि त्याचा चुलतभाऊ दोधू, दोघे बरोबरच गेले होते. दोधूचा बाप तो पाळण्यात असतानाच पटकीने गेला. मग हिलालच्या बापाने, नवल पाटलाने, पुतण्याला आणि त्याच्या आईला, गजराबाईला, आपल्याच घरात ठेवून घेतलं. दोन्ही पोरं एका ताटात जेवली, एका गोधडीत निजली, आणि मार खायची वेळ आली तेव्हा बहुतेक वेळा दोधूने केलेल्या उद्योगांसाठी हिलालनेही खाल्ला. दोधू अंगापिंडाने थोराड. त्याचे हात तर असे की गजराबाई म्हणायची, या पोराच्या हातात भाकरी दिली की भाकरी दिसतच नाही. भरतीच्या साहेबाने त्याचा पंजा बघितला आणि छाती मोजायच्या आधीच त्याला बाजूला उभा केला, असं दोधू स्वतः सांगायचा. त्याच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अठ्ठावन्न साली दोघे परतले. पण पलटणीतून सुटका म्हणजे पुरती सुटका नसते. पुढची आठ वर्षं माणूस राखीव असतो. घरी राहा, शेती करा, नोकरी करा, पण सरकारने हाक मारली की हातातलं टाकून उठायचं. नवल पाटलाने हिशेब साधा केला. एकाने नोकरी धरावी, एकाने जमीन. रेल्वेत माजी सैनिकांना जागा होत्या, हिलाल लिहिण्या-वाचण्यात बरा, म्हणून तो नंदुरबारला गेला, आणि दोधूने दोघांच्या वाट्याचं शेत एकट्याने अंगावर घेतलं. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. हिलालला तेवढा "सरकारी जावई" म्हणून चिडवायचा. दोधूची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काविळीने गेली, पोरबाळ झालं नव्हतं. बासष्टच्या दिवाळीत त्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं.

त्याच दिवाळीत चीनची लढाई पेटली. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच दोघांना बोलावणं आलं.

आता रनाळ्याची एक रीत सांगायला हवी. माणूस मोठ्या कामाला गाव सोडतो तेव्हा त्याला नुसतं जाऊ देत नाहीत, वाटे लावतात. सवाष्णी ओवाळतात, हातात नारळ देतात, आणि सगळं गाव वाजतगाजत शिवेपर्यंत जातं. तिथे त्याच्या मागे वाटेवर तांब्याभर पाणी ओततात. मग त्याने मागे वळून पाहायचं नाही, आणि काम पुरं केल्याशिवाय त्या शिवेत पाय ठेवायचा नाही. अर्ध्या वाटेवरून परतला तर घरावर काही ना काही ओढवतं, असं जुनी माणसं मानत. नवल पाटील तर या बाबतीत फारच कडक होता.

हिलाल दोन दिवसांची रजा घेऊन गावी आला. दोघांना एकाच पाटावर उभं करून वाटे लावलं. हिलालची आई कौसाबाई हिने ओवाळलं. गजराबाई विधवा, ती ओवाळायला पुढे येऊ शकत नव्हती. ती दाराच्या आत उभी राहून बघत होती. शाळेच्या मास्तरांनी भाषण केलं, ते लांबलं, तरी कुणी उठलं नाही. नवल पाटलाने फेटा बांधला होता. घरातले दोन्ही गडी देशाच्या कामाला चालले, याहून मोठं त्याच्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं.

दोघे बैलगाडीने नंदुरबारला आले. हिलालला आपलं काम दुसऱ्याच्या हवाली करायचं होतं, आणि पुढे सुरतेवरून मुंबईला जाणाऱ्या गाडीने दोघांनी बरोबर निघायचं होतं.

स्टेशनमास्तर होते रतिलालभाई. सुरतेकडचे, भला माणूस, जीव पानात आणि वेळापत्रकात. हिलालला पाहून ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हिलाल, तारे जवानुं नथी. तारा वगर नही चाले."

तुला जायचं नाही, तुझ्यावाचून चालणार नाही. झालं होतं असं, की या रुळावरून दिवसरात्र लष्करी गाड्या धावू लागणार होत्या आणि हाताखाली सांध्याचं काम येणारी माणसं नव्हती. रतिलालभाईंनी वर कळवलं होतं की हा माणूस गेला तर स्टेशन अडेल. वरच्यांनी आणखी वर विचारलं आणि हुकूम आला की रेल्वेच्या अत्यावश्यक कामासाठी याला तूर्त कामावरच ठेवावं. हिलालला यातलं काही कोणी विचारलं नव्हतं. सरकारचा एक हात त्याला बोलावत होता आणि दुसरा मागून धरून ठेवत होता. दोन्ही हातांना वाटत होतं, आपण बरोबर करतो आहोत, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बरोबरच होते.

हिलाल म्हणाला, साहेब, मी जातो, मला जाऊ द्या. तो खरंच म्हणाला. रतिलालभाई मान हलवून म्हणाले, आता ते माझ्याही हातात नाही.

पण हे म्हणायच्या आधी, "जवानुं नथी" हे शब्द कानावर पडताच, हिलालच्या छातीवरचं ओझं सर्रकन उतरलं होतं. नंदुरबारच्या खोलीत बायको सरलाबाई होती, पलटणीचं आयुष्य संपलं असं मानून मांडलेला संसार होता. माणूसच तो. ओझं उतरलं आणि ते उतरल्याचं त्याला समजलं. समजलं नसतं तर पुढचं वर्ष त्याला इतकं जड गेलं नसतं.

फलाटावर दोधू पेटीवर बसून शेंगा खात होता. हिलालने त्याला खाली मान घालून सांगितलं. दोधूने हातातल्या उरलेल्या शेंगा हिलालच्या ओंजळीत ओतल्या. त्याच्या एका मुठीत हिलालची ओंजळ भरली.

"बरं व्हयनं," तो म्हणाला. "सांधा नीट लाव भो. नहीतं मी परत रनाळाले पोची जासू, आनि काका मले घरमा लेवाव नही."

आणि हसला. गाडी आली तेव्हा डब्यात चढता चढता मात्र त्याने न हसता वेचणीचं सांगितलं, "मन्हा कापूस येची लेजो."

गाडी सोडायची वेळ झाली. त्या वेळची पाळी हिलालचीच होती. रतिलालभाईंना ते उमगलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण त्यांच्या डोक्यात हजार कामं होती. हिलाल केबिनमध्ये चढला, दांडा ओढला, सांधा बसल्याची खात्री केली आणि गाडीला वाट दिली. डबे एकामागून एक खालून गेले. एका खिडकीतून एक भलाथोरला पंजा बाहेर आला आणि गाडी वळेपर्यंत हलत राहिला. हिलालने हिरवं निशाण धरलं होतं, म्हणून त्याला हात हलवता आला नाही.

चार दिवसांनी कौसाबाई पॅसेंजरने नंदुरबारला आली. भाकऱ्या, चटणी आणि नवऱ्याचा निरोप घेऊन आली. निरोप असा होता: "वाटे लायेल मानूस शिवमा येवाव नही. काम पुरं करीसन येवो."

कौसाबाईने निरोप सांगितला आणि पदर डोळ्यांना लावला. हिलाल तिच्यासमोर बसून भाकरी खात राहिला. बापावर त्याला राग आला नाही. बापाचं म्हणणं रीतीला धरून होतं. पण काम पुरं व्हायचं म्हणजे काय? जो गेला त्याचं काम कधीतरी पुरं होईल आणि तो परत येईल. जो गेलाच नाही त्याने परत यायचं कसं?

इकडे गावात पारावर ज्याला त्याला सगळं ठाऊक होतं. कोणी म्हणालं, हिलालने मास्तरला तुपाचा डबा पोचवला. कोणी म्हणालं, रेल्वेवाले असेच, वेळ आली की रुळाखाली लपतात. नवल पाटील पारावर बसायचा बंद झाला. त्याला कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण तो आला की बोलणं पावसापाण्यावर वळायचं, आणि तेवढं त्याला पुरे होतं. मुलगा लढाईवर गेला नाही याचं दुःख त्याला होतंच. पण गावभर वाजवत नेलेला मुलगा गेला नाही, हे त्याला जास्त लागलं होतं.

दोधूचा कापूस वेचायचा होता. हिलाल जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याने सरलाबाईला पाठवलं. सरलाबाई महिनाभर गजराबाईबरोबर शेतात राबली. दोघी ओळीने कापूस वेचायच्या, एका फडक्यात भाकरी बांधून न्यायच्या, आणि हिलालचं नाव दोघींपैकी कुणी काढायचं नाही. शेत रुळाला लागून होतं. मालगाडीचे गार्ड नंदुरबारला उतरले की हिलाल त्यांना विचारायचा, रनाळ्याजवळच्या त्या विहिरीच्या शेतात कापूस उरलाय का? गार्डांना आधी नवल वाटायचं, मग त्यांना सवय झाली. एक दिवस एक गार्ड गाडी थांबायच्या आधीच ओरडला की शेत काळं झालं, सगळा वेचला. तेवढं एक काम तरी पुरं झालं असं हिलालला वाटलं.

तोवर लढाई संपली होती. दोधूचं एकच कार्ड आलं होतं, थंडी फार आहे आणि इथल्या चहाला चव नाही, असं. त्यानंतर काही नाही. संक्रांतीच्या सुमारास सरकारकडून कळलं की तो बेपत्ता आहे.

मेलेला म्हटलं असतं तर रडता आलं असतं. जिवंत म्हटलं असतं तर वाट बघता आली असती. बेपत्ता या शब्दाने घरातल्या बायकांना दोन्हीकडून बांधून टाकलं. गावातल्या काही शहाण्यांनी सुतकाचा विषय काढला. गजराबाईने त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि सांगितलं की माझ्या डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, तर सुतक कसलं. उन्हाळ्यात चीनच्या कैदेतली माणसं सुटून आली. त्यांत दोधू नव्हता. तरी गजराबाईने त्याची गोधडी उन्हात घालायचं सोडलं नाही.

हिलालचं काय झालं म्हणाल तर बाहेरून काहीच नाही. तो कामावर वेळेवर यायचा. दुसऱ्यांच्या पाळ्याही करायचा. रतिलालभाई त्याच्यावर इतके खूश की आल्यागेल्या साहेबाला त्याला दाखवायचे. लष्करी गाडी आली की तो केबिनच्या कठड्याशी उभा राहून प्रत्येक खिडकी बघायचा. दोधू तिकडून येणार नाही हे त्याला कळत होतं, तरी बघायचा. आणि सरलाबाई ताटात वाढायला लागली की त्याला ती घटका आठवायची, छातीवरचं ओझं उतरल्याची. तू बेपत्ता व्हावास म्हणून मला हलकं वाटलं नव्हतं रे, असं तो मनात दोधूला सांगायचा. दोधूने चिडवून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

श्रावण आला. खानदेशात श्रावण म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते आणि तिच्या नैवेद्याला रोट करतात, गव्हाच्या जाड पिठाचे. नवल पाटलाच्या घरची रीत अशी, की आदल्या दिवशी भाऊबंदांतला प्रत्येक पुरुष सुपात आपल्या हाताने सव्वा मूठ गहू टाकतो. एक भरली मूठ, वर पाव. ज्याची मूठ सुपात पडली तो घरचा. कुणी दूरदेशी असला तर त्याची मूठ भावाने टाकायची. त्या गव्हाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, लेक सासरची झाली तर तिलासुद्धा नाही. आणि रोटाला आवतण कुणी कुणाला देत नाही. आवतण पाहुण्याला द्यायचं असतं. घरच्याला रोटाला बोलावलं तर त्याने ते अपमान समजावं अशी ही गोष्ट.

हिलालला हे लहानपणापासून ठाऊक होतं. दरवर्षी तो न सांगता शनिवारी गावी हजर व्हायचा. पण त्या वर्षी तो बोलावण्याची वाट पाहू लागला. बापाने शीव बंद केली आहे, तर बापानेच उघडायला हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. मंगळवार गेला, बुधवार गेला, पॅसेंजरने गावाकडचं कोणी आलं नाही. त्याने समजून घेतलं की आपली मूठ या वर्षी पडणार नाही.

आणि रनाळ्यात नवल पाटील ओट्यावर बसून स्टेशनाकडच्या वाटेवर डोळे लावून होता. त्याच्या हिशेबात कानबाईपुढे कसली शीव आणि कसलं काय, हे सांगायची गरजच नव्हती. घरचा माणूस रोटाला येतो. नाही आला, तर त्याने स्वतःच स्वतःला घराबाहेर काढलं. बाप आणि मुलगा एकाच रीतीचे पक्के, म्हणून दोघेही आपापल्या जागी बसून राहिले. अशी चूक परक्यांच्या हातून होत नाही.

शनिवारी दुपारी गाडी आली तेव्हा हिलाल केबिनमध्ये होता. खाली जिन्याशी कोणीतरी उभं दिसलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं सूप काखेत धरून गजराबाई जिना चढत होती. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला मज्जाव असतो. रतिलालभाईंनी फलाटावरून तिला पाहिलं, आणि कधी नव्हे ते त्यांना आपला चष्मा पुसायची गरज वाटली.

हिलालने पुढे होऊन तिच्या पायांना हात लावला. ती खाली बसली, धाप टाकली आणि फडकं सोडलं. सुपात गहू होते, निवडलेले, स्वच्छ.

"मी आवतन देवाले नही उनू," ती म्हणाली. "मूठ लेवाले उनू."

मग तिने सांगितलं ते असं. सकाळी सगळे भाऊबंद जमले. नवल भाऊजींनी आपली मूठ टाकली, बाकीच्यांनी टाकल्या. मग त्यांनी सूप पुढ्यात घेतलं आणि नुसते बसून राहिले. तुझी मूठ त्यांना स्वतः टाकता आली असती, बाप आहेत. पण दोधूची मूठ कोणी टाकायची? त्याला भाऊ तू एकटा. पीठ दळायचं खोळंबलं. तेव्हा मीच सूप उचललं आणि गाडी धरली.

"बापूसनी धाडं का तुले?" हिलालने बापाचं विचारलं.

"नही," ती म्हणाली. "पन फडकं त्यासनीच बांधी दिनं."

हिलाल सुपाकडे बघत राहिला, हात पुढे करेना. शेवटी, ज्याचं ओझं त्याने सरलाबाईलाही कधी दाखवलं नव्हतं, ते बोलला. "काकू, मी लढाईले गऊच नही. दोधूनी मूठ मी कोनता तोंडवरी टाकू?"

गजराबाईने साधंच विचारलं, जसं पाणी हवं का विचारावं तसं. "त्या रोजले तुले बरं वाटनं व्हतं ना? जावानं नही म्हनीसन?"

खोटं बोलायचं हिलालच्या मनातही आलं नाही. त्याने मान डोलावली.

"मन्हा ऱ्हाई जाता ते मलेभी बरं वाटतं," गजराबाई म्हणाली.

एवढंच. ती रडली नाही. तिच्या आवाजात माफी नव्हती आणि दोषही नव्हता. आपला राहिला असता तर आपल्यालाही बरंच वाटलं असतं, दुसऱ्या कुणा आईचा गेला असता तरी बरंच वाटलं असतं. ही गोष्ट तिने या आठ-नऊ महिन्यांत आपल्याशी कबूल केली होती आणि आता ती त्याच्यासमोर ठेवून मोकळी झाली होती. हिलालला मात्र रडू आलं. इतके महिने बाहेरून काहीच न झालेला माणूस रेल्वेच्या सरकारी केबिनमध्ये खांद्यावरचं फडकं तोंडाला लावून रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

"उद्या येजो," ती मग म्हणाली. "कौसा शिववर पानी लिसन उभी ऱ्हाई. मन्हं सांगेल शे."

जाताना मागे ओतलेलं पाणी येताना पायांवर ओतून त्याला आत घ्यायचं, शिवेचं तिने असं निकालात काढलं. हिलाल म्हणाला, रजा मिळते का बघावी लागेल. तो खाली उतरला आणि त्याने रतिलालभाईंना उद्याची सुट्टी मागितली. रतिलालभाईंनी पानाचा तोबरा सांभाळत वर केबिनकडे बघितलं, मग हिलालच्या डोळ्यांकडे. "एक दिवस चालशे," ते म्हणाले. त्याही स्थितीत हिलालला हसू आलं. कार्तिकात याच माणसावाचून स्टेशन अडणार होतं, आणि श्रावणात एक दिवस चालणार होतं. पण रतिलालभाईंवर रागवावं असं त्याला काही वाटलं नाही.

तो परत वर आला. गजराबाईने सूप त्याच्याकडे सरकवलं.

"आधी तुन्ही टाक. मंग त्यानी. तुन्हाशिवाय चालाव नही."

तिच्या कमरेच्या पिशवीत वेगळे गहू होते, त्याच्यासाठीच राखून ठेवलेले. हिलालने हात धुतले. आपली मूठ भरली, सुपात सोडली, वर पाव टाकला. तेवढ्यात परतीच्या पॅसेंजरची घंटा झाली. तिला याच गाडीने जायचं होतं, दळण व्हायचं होतं. त्याने घाईने दुसरी मूठ भरली, दोधूची, आणि सुपावर धरून सोडली. गहू सळसळत इतर गव्हांत मिसळले. तो पाव मूठ टाकायला वळला तर गजराबाईने त्याचं मनगट धरलं आणि पिशवी पुन्हा त्याच्या पुढ्यात केली.

"त्याना हात मोठा शे," ती म्हणाली. "आखो टाक."

हिलालने आणखी टाकले. ती बघत होती, अजून मनगट सोडत नव्हती, म्हणून त्याने आणखी टाकले. शेवटी त्याने ओंजळच भरली, जशी त्या दिवशी फलाटावर शेंगांनी भरली होती, आणि ती सुपात रिती केली. तेव्हा कुठे तिने मान हलवली, फडक्याच्या गाठी मारल्या आणि जिना उतरून गाडीत जाऊन बसली. हिलालने दांडा ओढला, सांधा नीट बसला आहे हे दोनदा पाहिलं, आणि गाडीला रनाळ्याची वाट दिली.